नुसत्या वाड्यावर न्यूट जगत नाही

माझ्याकडं लाल कापडी बांधणीची एक वही आहे. डाव्या पानावर ‘काय दिलं’, उजव्या पानावर ‘काय खाल्लं’. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीत मी बावीस वर्षं हिशेब लिहितेय. नावे-जमा मांडल्याशिवाय मला कशाचाच भरवसा वाटत नाही. हळदीच्या पोत्याचा नाही आणि न्यूटच्या पोटाचा तर नाहीच नाही.

त्या वहीची पहिल्या सात महिन्यांची पानं आज उघडली की लाज वाटते. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एकच शब्द: ब्लडवर्म. पुढं पुढं तेवढंही लिहायचा कंटाळा आला म्हणून ‘वरीलप्रमाणे’. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. अडतीत असा कोणी खातेउतारा आणून दिला असता तर मी त्याला दोन प्रश्न विचारून परत पाठवला असता. घरात मात्र मीच लिहीत होते आणि मीच सही करत होते.

न्यूट म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा टाकीकडं बघून “अगंबाई, पाल!” असंच म्हणतो. पाल नव्हे. बेडकाच्या भावकीतला प्राणी आहे, फक्त मोठा झाल्यावरही शेपूट राखून असलेला. माझ्याकडं आहेत ते चायनीज फायर-बेली न्यूट, तात्या आणि ठमी. लांबी माझ्या मधल्या बोटाएवढी, पाठ काळपट, आणि पोट पिकल्या संत्र्यासारखं, त्यावर शाई सांडल्यासारखे ठिपके. ही जात मूळची पूर्व आणि मध्य चीनमधली, तळ्याडबक्यांतली आणि भातखाचरांतली. शास्त्रीय जगात तिची नोंद १८७३ साली आर्मां दाविद नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं केली. कातडीत सौम्य विष असतं, म्हणून हात लावला की साबणानं धुवायचा, आणि लहान पोराच्या हातात द्यायचा नाही.

पुण्याची माझी मैत्रीण नवऱ्याच्या नोकरीमुळं जर्मनीला गेली. तिनं स्वतःच्या जोडीच्या अंड्यांतून वाढवलेली ही दोन पिल्लं. जाताना टाकी, पाणी गार करायचं चिलर आणि फ्रीजरमधली ब्लडवर्मची पाकिटं माझ्या दारात उतरवून गेली. “काही नाही गं, वडी वितळवायची नि टाकायची. आवडीनं खातात.” (आपल्या देशातला न्यूट दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या डोंगरातला आहे, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. तो पाळायचा विचारसुद्धा कोणी करू नये.)

आवडीनं खात होते, हे खरं. ब्लडवर्म म्हणजे न चावणाऱ्या एका चिलटाच्या जातीच्या अळ्या. आपल्या रक्तात असतं तसलं हिमोग्लोबिन त्यांच्यात असतं म्हणून त्या लालभडक. पाण्यात वडी सुटली की तात्या झडप घालायचा. मला वाटायचं, पोरं पोटभर जेवतायत, अजून काय पाहिजे?

सातव्या महिन्यात तात्याचा नेम चुकायला लागला. अळी समोर, तोंड उघडलं, आणि हवा तो घास बाजूनं निघून गेला. एकदा, दोनदा, चारदा. शेपटीचं बूड बारीक झालं होतं, पाठीचा कणा वरून मोजता येईल असा दिसायला लागला होता. ठमी बरी होती, पण तीही दिवसदिवस झाडाखाली पडून असायची.

सांगलीत न्यूटचा डॉक्टर कुठून आणायचा? आमच्या गावभागातल्या वाड्याशेजारी एक जनावरांचे डॉक्टर राहतात. निवृत्त आहेत. आयुष्य गाई-म्हशींत गेलं. मी तात्याला आइस्क्रीमच्या डब्यात घालून त्यांच्याकडं घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “खरं सांगू का, असलं जनावर मी जन्मात बघितलेलं नाही. पण खायला काय घालता तेवढं सांगा.”

मी सांगितलं.

“रोज हेच?”

“रोज नाही, एक दिवसाआड.”

“म्हंजे जेव्हा घालता तेव्हा हेच. वहिनी, नुसत्या वाड्यावर गाय ठेवली तर काय होतं?”

हे वाडं म्हणजे आमचा वाडा नव्हे, उसाचं वाडं, उसाचे हिरवे शेंडे. ऊसतोड सुरू झाली की आमच्या जिल्ह्यात सगळ्या गोठ्यांत हिरवंगार वाडं पडतं. फुकट मिळतं, जनावर आवडीनं खातं. पण वाड्यात ऑक्झलेट असतं. ते जनावराच्या शरीरातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकतं. नुसतं वाडं खाणारी गाय हळूहळू खंगते, दुधाला कमी येते. म्हणून जाणता माणूस वाड्यावर चुन्याची निवळी मारतो, खनिज मिश्रण देतो, सोबत दुसरी वैरण घालतो. हे मला माहीत होतं. माझ्या माहेरी गोठा होता. पण गोठ्यातलं शहाणपण काचेच्या टाकीपर्यंत चालत गेलंच नाही.

ब्लडवर्ममध्ये ऑक्झलेटची भानगड नाही. तिथली भानगड सरळ आहे: कॅल्शियम मुळातच कमी, फॉस्फरस जास्त. बहुतेक किडे-अळ्यांचं असंच असतं. उभयचर प्राण्याला बराच काळ असं एकांगी खाणं मिळालं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. मग जबडा मऊ पडतो, कणा वाकतो. तात्याचा नेम चुकत नव्हता, त्याचा जबडाच साथ देत नव्हता, असं डॉक्टरांचं मत पडलं, आणि मला ते पटलं.

मी म्हटलं, कॅल्शियमची पावडर टाकते. ते हसले. “पाण्यात? पावडर खाणार कोण, टाकी?” बरोबरच होतं. जमिनीवरच्या सरड्या-बेडकांना किडे पावडरीत घोळवून देतात. पाण्यातल्या न्यूटला पावडर लावलेला घास दिला तर तोंडापर्यंत जाईस्तोवर ती धुऊन गेलेली असते. मग चुना जायचा कुठून? घासाच्या पोटातून. त्या संध्याकाळपासून माझ्या वहीला तिसरा रकाना पडला: ‘घासानं काय खाल्लं’. आज मला कोणी न्यूटच्या आहाराविषयी विचारलं तर मी त्या तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात करते. दुकानातून पाच रंगांची पाच पाकिटं आणली म्हणजे आहार चौरस झाला असं होत नाही. पाचही पाकिटांतले जीव उपाशीच मेलेले असले तर पाची बोटं सारखीच.

तर गांडुळं.

न्यूटसाठी गांडुळाइतकं सरस खाणं नाही, यावर जगभर न्यूट पाळणाऱ्यांचं एकमत आहे. भरपूर प्रथिनं, कॅल्शियम किड्यांपेक्षा चांगलं, वर पोटातल्या मातीतली खनिजं. मला वाटलं, चला, सुटले. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात राहून गांडुळाला काय तोटा! चुलत दीर तासगावला असतात, द्राक्षबाग आहे. फोन केला. भाऊजी म्हणाले, “वैनी, गांडुळं मागताय व्हय? पोतंभर न्या की!”

रविवारी गेले. बागेत शिरता शिरताच पंपाच्या टाकीवर, नळीवर, मांडवाच्या तारांवर तो ओळखीचा निळसर-पांढरा थर दिसला, आणि खुरपं हातातच राहिलं. बोर्डो. मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी वर्षानुवर्षं मारतात. मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं काही उन्हानं उडून जात नाही, ते मातीतच साठत राहतं. तिथलं गांडूळ तीच माती गिळत असतं. बेडकाच्या भावकीला तांबं फार वाईट, मत्स्यपालनवालेसुद्धा तांब्याची औषधं जपून वापरतात. शिवाय त्या जमिनीत तांब्याखेरीज आणखी काय काय फवारलेलं असतं, ते भाऊजींची फवारणीची डायरीच सांगेल. मी दोन किलो माणिक चमन घेऊन परत आले. भाऊजींना अजून वाटतं, वैनी आळसावल्या.

मग गांडूळखतवाले. एका ओळखीच्यांनी डबाभर दिली, लाल, चपळ, अंगावर पिवळसर पट्टे. घरी आल्या आल्या एक धुऊन, कापून ठमीला दिलं. तिनं तोंडात घेतलं, आणि जे केलं ते मी आजतागायत विसरले नाही. घास भप्पकन बाहेर फेकला, मान दोन्हीकडं झटकली आणि टाकीतल्या वॅलिस्नेरिया नावाच्या पाणवनस्पतीच्या पातीवर तोंड पुसलं. पुसलं म्हणजे खरोखर पुसलं, आधी उजवी बाजू, मग डावी. तात्यानंही तेच. त्या दिवशी वहीत नोंद आहे: दिलं ४, थुंकलं ४.

दोष गांडूळखतवाल्यांचा नव्हता. ते होतं आयसेनिया फेटिडा. ‘फेटिडा’चा अर्थच घाण वास मारणारी. डिवचलं की हे गांडूळ अंगातून पिवळं, कडवट पाणी सोडतं. ते त्याचं संरक्षण असतं. खतासाठी सोन्यासारखं, जेवायला नाही. काही न्यूट खातातही म्हणे, माझे खात नाहीत. महाराष्ट्रात खताला दुसरं एक गांडूळ वापरतात, युड्रिलस युजिनी, आफ्रिकेतलं. जाड, लांब, उजेडात धरलं तर जांभळट झाक मारणारं. त्याला ती कडू खोड नाही, आणि सांगलीच्या उकाड्यातही ते टिकतं. तेव्हा गांडूळखतवाल्याकडं गेलात तर “गांडुळं द्या” म्हणू नका, “आयसेनिया आहे का युड्रिलस?” असं विचारा. त्यांना बरोबर कळतं, उलट तुमच्याकडं जरा आदरानं बघतात. मिरजेकडच्या एका शेतकऱ्याकडून मी वाटीभर युड्रिलस आणली, त्याला आता दीड वर्ष झालं.

ती राहतात थर्मोकोलच्या खोक्यात, ओलसर कोकोपीट आणि कुजक्या पाल्यात, जिन्याखाली. त्यांचं जेवण मी माझ्या जेवणापेक्षा नीट बघते. गाजराची सालं, भोपळ्याचा गर, कोथिंबिरीचे देठ, आणि शेवग्याचा पाला, कारण त्यात कॅल्शियम भरपूर. कांदा-लसूण, लिंबाची सालं, तिखटमीठ लागलेलं उष्टं अजिबात नाही. वर अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड. आता आमचं घर माळकरी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. टरफलं मी स्टँडजवळच्या भुर्जीच्या गाड्यावरून आणते, बाहेरच्या नळावर धुते, गच्चीत उन्हात वाळवते आणि जुन्या खलबत्त्यात कुटते. गाडीवाला सुरुवातीला मला करणी-भानामतीवाली समजत होता. आता पिशवी आधीच बांधून ठेवतो.

सासूबाईंचं म्हणणं एवढंच असतं, “गांडूळ कापायची सुरी माझ्या विळीशेजारी दिसता कामा नये.” दिसत नाही. आणि दुसरं: “एकादशीला तरी त्या मुक्या जिवांना उपास घाल.” हे मात्र शास्त्राला धरूनच आहे. वाढलेल्या न्यूटला रोज खायला घालायचंच नसतं. आठवड्यातनं दोन-तीनदा पुरतं. मी मंगळवार, शुक्रवार, रविवार धरलेत. त्यातल्या एखाद्या वारी एकादशी आली तर मुकाट्यानं पुढं ढकलते. तात्या-ठमीनं अजून तक्रार केलेली नाही.

गांडुळांचीच आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. माझं माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. मागच्या पावसाळ्यात गेले तेव्हा भावाला म्हटलं, परड्यात खत-औषध काही घालत नाहीस ना, मग चार गांडुळं काढ. त्यानं शेणाच्या उकिरड्याजवळ कुदळ मारली आणि पत्र्याच्या डब्यात मूठभर माल टाकला. संध्याकाळी अंगणात बसून मी निवडायला घेतली. एक जरा जास्तच चकाकत होतं. जांभळट काळं, ओलं, अंगावर बारीक वळी. चिमट्यानं उचलायला गेले तर गांडूळ आखडतं तसं ते आखडलं नाही, सापासारखं वळलं आणि बोटांतून निसटलं. परत पकडलं, टॉर्च मारला. गांडुळाला मोठं झाल्यावर मानेशी जाड पट्टा असतो, तो नव्हता. एका टोकाला दोन टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके होते. डोळे. खाली तोंडाची रेघ.

देवगांडूळ. हा गांडूळ नव्हेच. पाय नसलेला उभयचर प्राणी, म्हणजे माझ्या न्यूटचा लांबचा चुलतभाऊ. तोंडात दात असतात, आणि तो स्वतःच गांडुळं खाऊन जगतो. आमच्याकडं लोक दुतोंड्या साप समजून मारतात. कोयना परिसरातल्या हुंबरळीहून तर २००४ साली देवगांडुळाची एक नवीच जात नोंदली गेली, शास्त्रीय नावात ‘महाराष्ट्रेन्सिस’ असलेली. मी अजून पाच मिनिटं गप्पा मारत निवडलं असतं तर तो डब्यातून सांगलीला आला असता आणि माझ्या सुरीखाली गेला असता. भावाला हाक मारली, दोघांनी मिळून जिथं कुदळ मारली होती तिथंच ओल्या मातीत सोडला. माती सारायच्या आत तो आत गेला. सातारा-कोकणाच्या बाजूनं कोणी गांडुळं आणत असेल तर डबा उजेडात बघून घ्या. मी आता परड्यातली आणतच नाही.

गांडुळं हे जेवण. जेवणाबरोबर फराळ लागतोच, आणि फराळ म्हणजे मोइना. मोहरीच्या दाण्याहून बारीक, पाण्यात टुणटुण उड्या मारणारा जीव. त्याच्या मोठ्या बहिणीला डॅफ्निया म्हणतात. पहिल्यांदा मी डॅफ्नियाच आणला होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळा बसला. त्याला गार पाणी लागतं, सांगलीच्या गच्चीवर त्याचं काय चालणार? मोइनाला उकाडा मानवतो. कोल्हापूरच्या एका मासेवेड्या मुलानं पेप्सीच्या बाटलीत भरून दिला, तेवढ्यावर आता तीन बरण्या चालतात. बरण्या लोणच्याच्या, सासूबाईंच्या, काठ टवकले म्हणून टाकून दिलेल्या. टाकीचं जुनं पाणी उन्हात ठेवलं की आठ-दहा दिवसांत हिरवं होतं, तेच मोइनाचं अन्न. घाई असेल तर यीस्टची चिमूट, पण चिमूट म्हणजे खरोखरची चिमूट. मी एकदा चमचा वापरला. सकाळी बरणीत पांढरं पाणी, गटारीचा वास आणि तळाला सगळे मेलेले.

पोराचं शाळेचं भिंग घेऊन एकदा मोइना बघा. अंग काचेसारखं, आणि मधून एक हिरवी वाकडी रेघ. ते त्याचं भरलेलं आतडं. बरणीतनं काढून साध्या पाण्यात दिवसभर ठेवला की ती रेघ फिकी पडते. म्हणून मी मोइना टाकीत सोडायच्या दिवशी सकाळी भिंगातनं बघते. रेघ हिरवी असेल तरच सोडायचा. तिसऱ्या रकान्यात लिहिते: हिरवा. वर त्याचं कवच न्यूटच्या पोटाला चोथा म्हणून उपयोगी पडतं, सतत मऊ खाणाऱ्याला ते बरं.

डासांच्या अळ्यांचं सांगायचं तर मला खाली मान घालूनच सांगावं लागेल. चवीला अळ्या एक नंबर, न्यूट वेडे होतात. परसात एक बादली पाणी ठेवायचं, वर जाळीचं फडकं बांधायचं, आधी दोन दिवस उघडी ठेवायची, डास अंडी घालतात, मग झाकायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गाळायला लागायचं, म्हणजे कोष होऊन डास उडायच्या आत सगळ्या पोटात. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, त्यामुळं गणित सोपं, असं मला वाटत होतं. मांजरानं फडक्याचा कोपरा फाडला ते मला दिसलंच नाही.

आशाताई आल्या नेमक्या त्याच आठवड्यात. जुलै, डेंग्यूचे दिवस, घरोघरी पाणीसाठे बघत होत्या. बादलीत टॉर्च मारला आणि माझ्याकडं बघितलं.

“वैनी, हे काय ओ? अळ्या झाल्यात की सगळ्या.”

मी म्हटलं, “झाल्या नाहीत, केल्यात.” हे बोलायला नको होतं.

“केल्यात? आम्ही दारोदार हिंडून अळ्या मारायलोय आन् तुम्ही पाळायलाय व्हय?”

मी त्यांना आत नेऊन टाकी दाखवली. त्यांनी ठमीचं लाल पोट बघितलं, दोन मिनिटं गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हे ज्या अळ्या खातंय ते ठीक. जे उडून गेलं ते शेजारच्या बाळंतिणीला चावतंय.” यावर मला काही उत्तर नव्हतं. फाटका कोपरा मलाही तेव्हाच दिसला. बादली तापलेल्या फरशीवर पालथी केली. त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, माझ्यासमोर, माझ्याच पेनानं. तेव्हापासून आमच्या घरी अळ्या बंद. इंटरनेटवर थंड देशातले लोक अळ्यांची कृती आनंदानं सांगतात, सांगलीत ती करू नये, एवढंच.

बाकीचं चटकन सांगते. ब्लडवर्म मी सोडलेलं नाही, आठवड्यातनं एकदा असतंच, चटणीसारखं. ट्युबिफेक्स, म्हणजे गाळात राहणारे बारीक लाल किडे, जिवंत कधीच नाहीत. इथल्या एका दुकानात “एकदम फ्रेश” म्हणून मिळायचे, ते कुठल्या नाल्यातनं येतात ते मी एकदा डोळ्यांनी बघितलं आणि परत त्या दुकानाची पायरी चढले नाही. चिकन-मटणाचे तुकडे नाहीत, जमिनीवरच्या जनावराची चरबी त्यांना पचत नाही. माशांचे गोळीखाद्य माझ्या दोघांनी ढुंकून बघितलेलं नाही. खणीतनं, तळ्यातनं जाळीनं काही उपसून आणायचं नाही, त्यातनं जळू येते, चतुराची अळी येते, आणि चतुराची अळी लहान न्यूटलाच खाते.

आता प्रत्यक्ष पंगत. रात्री साडेनऊ, जेवणं आटोपल्यावर. गांडूळ धुऊन तुकडे करायचे, न्यूटच्या दोन डोळ्यांतल्या अंतरापेक्षा जाड नको. प्लॅस्टिकच्या टोकाच्या चिमट्यात धरून पाण्यात हळूच वळवायचा. ठमीला आधी वास येतो. दिसायच्या आधीच ती पाय टेकत टेकत निघते, जसं अंधारात चप्पल शोधतो तसं. घासापासून बोटभर अंतरावर थांबते, मान तिरकी करते. आता घेईल, आता घेईल म्हणून माझा हात अवघडतो. सुईत दोरा ओवताना सासूबाई अशाच थांबतात. मग एकदम टप्प! तोंड उघडतं, आजूबाजूच्या पाण्यासकट घास आत ओढला जातो, आणि मानेला तीन-चार हिसडे.

दोघांना एकदम घालायचं नाही. एकदा लांब तुकडा दिला, दोन्ही टोकांना दोघं. आधी रस्सीखेच, मग दोघंही मगरीसारखे गरागरा फिरले, आणि त्या गोंधळात तात्यानं ठमीच्या पुढच्या पायाचं बोट धरलं. सुटलं, जखम झाली, बोट महिन्या-दोन महिन्यांत परत आलंही. न्यूटचं तेवढं नशीब असतं. पण आता पंगतीला मधे चहाची मोठी गाळणी उभी करते. प्रत्येकी दोन-तीन तुकडे, बास. उरलेलं अर्ध्या तासात ड्रॉपरनं काढायचं, नाहीतर कुजून पाण्यात अमोनिया होतो. वरून बघितल्यावर पोट डोक्यापेक्षा रुंद दिसायला लागलं की एक वार कमी करायचा.

आणि उन्हाळा. खोली काळ्या दगडाची, खालच्या मजल्यावरची, सांगलीत त्यापेक्षा गार जागा नाही. भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून आहे, म्हणून पावसाळ्यात टाकी वर हलवायची तयारी ठेवावी लागते, ते वेगळंच. बाहेर चाळीस असताना चिलर आणि क्लिपचा पंखा मिळून पाणी वीस-एकवीसवर धरतात. लाइट गेली की पाणी चढतं, आणि चोविसाच्या वर गेलं की दोघं जेवण सोडतात. तेव्हा आग्रह करायचा नाही. मे महिन्याच्या उजव्या पानांवर माझी किती तरी शून्यं आहेत. पहिल्या वर्षी प्रत्येक शून्याला मी घाबरत होते.

तात्याचं विचाराल तर चार महिने लागले. कणा थोडा वाकडा राहिलाय, तो राहणारच. नेम मात्र परत आला. डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला, ते म्हणाले, “बघा, वैरण बदलली.”

दिवाळीत पाच दिवस पाटणला जायचं होतं. पुतण्याला टाकीची किल्ली, म्हणजे चिलरचं बटण, समजावून दिलं आणि काचेवर कागद चिकटवला: ‘काहीही घालू नकोस. भाकरी नको, चकली नको, फरसाण नको. फक्त तापमान बघ.’ धडधाकट न्यूट आठवडाभर उपाशी आरामात राहतो, उपाशी न्यूटपेक्षा दयाळू शेजारी जास्त धोक्याचा.

पाडव्याच्या सकाळी त्याचा फोन. आवाज पार उडालेला.

“काकू, मी काहीच घातलं नाही, आईशप्पथ! पण तात्याचं कातडं सुटलं, मोज्यासारखं, आणि त्यानं ते ओढलं आणि... काकू, त्यानं स्वतःचं कातडं खाल्लं!”

“सगळं खाल्लं?”

“सगळं.”

“बरं, लाल वही कपाटावर आहे. उजव्या पानावर लिही: कात, पूर्ण. आणि तारीख घाल.”